शाळेबाहेरचीं मुलें

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें आम्हांस पत्र आलें. त्यांच्या धाकट्या दिरांनीं मुलीचें नांव शाळेंतून काढून तिला घरींच शिकविण्यास आरंभ केला आहे, आणि त्यावरून घरांत मोठाच गहजब उडाला आहे. "आपण जन्मभर मास्तरकी केलीत, तेव्हां या वेडाविषयीं चार शब्द लिहावे," अशी त्यांची आज्ञा आहे. चार शब्द लिहितों. पण ते त्यांस रुचतील असें वाटत नाहीं. कारण हें वेड आमच्याच घरांत शिरून आज दोन वर्षें झालीं.

आमचा मधला नातू नऊ वर्षांचा आहे. येथल्याच, धाराशिवच्या एका शाळेंत तो दुसरीपर्यंत गेला. बोलतांना तो अडखळतो. उभें राहून धडा वाचण्याची पाळी आली कीं वर्ग हसे, आणि हसणारांस गप्प करण्याऐवजीं त्यालाच खालीं बसविलें जाई. पुढें पुढें सकाळीं दप्तर भरतांना त्याच्या पोटांत दुखूं लागलें. रविवारीं मात्र दुखत नसे. सूनबाईंनीं त्याला घरीं ठेविलें, तेव्हां पहिला विरोध आम्हीच केला. "पोराला घरकोंबडा करणार काय?" असें आम्ही रागाच्या भरांत बोललों, आणि तें त्या पोरासमक्ष बोललों. छत्तीस वर्षें हातीं खडू धरलेल्या माणसाला शाळेवांचून शिक्षण ही कल्पनाच सोसेना.

घरीं शिकलेलें मूल कच्चें राहतें, हा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजांत घेतला जातो. ज्यांच्या आजोबांनीं मुंजीनंतर वडिलांपुढें बसून रूपावली व अमरकोश पाठ केला, त्यांनींच हें म्हणावें याची मौज वाटते. पंडिता रमाबाई कोणत्या शाळेंत गेल्या होत्या? अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. तीर्थयात्रेच्या वाटेवर, आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, असें तें अध्ययन झालें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं वीस वर्षांच्या त्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, आणि १८८२ सालीं हंटर आयोगापुढें तिनें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. (पुढें त्यांनीं धर्मांतर केलें, तो वाद निराळा, त्यानें त्यांचें संस्कृत कांहीं अशुद्ध झालें नाहीं.)

रमाबाईंची बुद्धि कितीजणांस लाभणार, असें कोणी म्हणेल. ठीक. मग आपल्या जिल्ह्यांतील साध्या घरांकडे पाहूं. निजामी अमलांत सरकारी शाळांच्या वरच्या वर्गांतून उर्दू चाले. हैदराबादेस १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. १९२१ सालीं हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, पुढें स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक झाले. पण एका शाळेंत मुलें तीं किती मावणार? आमच्या वडिलांची मोडी, बालबोध आणि व्याजाचा हिशेब, सारें ओसरीवरचें होतें. त्यांस कोणी कच्चे म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

दाखल्याची चिंता आम्हांसही होती. चौकशीअंतीं ती बरीच उतरली. आपल्या राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून देतां येते, हें शाळेंत नोकरी केलेल्या कोणासही ठाऊक असतें; राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीही वयाचीं चौदा वर्षें पुरीं झालीं कीं देतां येते. कायदा मात्र स्वच्छ नाहीं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांचें मूल शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य म्हणून सांगतो, पण न घालणारास शिक्षा सांगत नाहीं. ज्यांस हा मार्ग धरावयाचा आहे त्यांनीं हें डोळे उघडे ठेवून धरावा. मुंबईच्या एका मुलीची हकीकत २०१६ सालीं वृत्तपत्रांत आली होती. आंतरराष्ट्रीय संगणक-स्पर्धेंत पदकें मिळवूनही बारावीच्या दाखल्यावांचून तिला आय.आय.टी.चें दार उघडलें नाहीं, अमेरिकेंतील एम.आय.टी.नें मात्र उघडलें. हकीकत गोड आहे, पण तिच्यावर आपल्या मुलाचा संसार कोणी मांडूं नये.

आतां 'मूल माणूसघाणें होतें' हा आक्षेप. गेल्या हिवाळ्यांत नातवास घेऊन आम्ही तेरच्या लामतुरे संग्रहालयांत गेलों होतों. रोमच्या व्यापाऱ्यांचा माल आपल्या या खेड्यापर्यंत कसा आला, हें त्याला रखवालदारास विचारावयाचें होतें. प्रश्न पुरा होण्यास बराच वेळ लागला. रखवालदार विडी लावावयास निघाला होता, तो तसाच थांबला. प्रश्न संपेपर्यंत थांबला. वर्गांत चाळीस समवयस्क मुलांमध्यें त्या पोराला इतका वेळ कधीं कोणी दिला नव्हता. आमच्याच वर्गांत एक अडखळणारा विद्यार्थी होता. त्याला सुधारावें म्हणून आम्ही तोच परिच्छेद त्याच्याकडून तीन तीन वेळां वाचवून घेत असूं. त्यानें सातवीनंतर शाळा सोडली. तो आतां कोठें असेल?

तथापि टीकाकारांचें एक म्हणणें खरें आहे. सकाळीं अकराच्या सुमारास गल्ली ओस पडते, तेव्हां हा पोर खिडकीशीं उभा राहतो. संध्याकाळीं मुलें खेळावयास येतात, पण शाळेंतल्या गमती तीं आपसांत बोलतात आणि हा ऐकत बसतो. शिवाय या शिक्षणाचा भार कोणावर पडतो, याचा विचार कोणी करीत नाहीं. सूनबाई बी.एस्‌सी. आहेत, त्यांनीं नोकरी सोडली. चिरंजीव रात्रीं येऊन "आज काय शिकलास?" एवढें विचारतात आणि आपला वांटा झाला असें समजतात. आणखी एक: भूम-परंड्याकडचीं जीं मुलें दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात, त्यांचें शाळेबाहेर असणें हें याच नांवानें कोणी झांकूं नये. त्यांना शाळाच हवी.

सूनबाईंचा भार थोडा उतरावा म्हणून सकाळचा एक तास आम्हीं मागून घेतला आहे. शब्दरूपें व सुभाषितें चालतात. श्लोक चालीवर म्हणतांना पोर अडखळत नाहीं. अर्थ सांगतांना अडखळतो, आणि आम्ही थांबतों. थांबणें आम्हांस या वयांत शिकावें लागलें.

त्या भगिनींस आमची विनंति एवढीच, कीं दिरांशीं भांडण्यापूर्वीं त्यांनीं त्या मुलीशीं एकदां निवांत बोलावें. शाळेंत तिला काय होत होतें तें तीच सांगेल. आमच्या नातवाचें पांचवीचें वय येत्या जूनमध्यें होईल. पुन्हां शाळेंत जावें कीं नाहीं, हें आम्हीं त्यालाच विचारलें आहे. "आधीं शाळा पाहून येतों, मग सांगतों," असें तो म्हणाला.