पन्नाशीतले सरळ दात

‘आता या वयात दात सरळ करून काय करायचंय?’ हा प्रश्न आपल्या घरांत सर्रास विचारला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही. एकावर एक चढलेले दात नीट घासता येत नाहीत, सांदीत कीटण साचतं, हिरड्या सुजतात; पन्नाशीत दात रांगेत आणण्यामागे नुसती हौस नसते. त्यासाठी तारांऐवजी पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे साचे, वापरता येतात; झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात अशा अलाइनरची कंपनी काढली. चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या. अलाइनरचा एकेक साचा दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो. दाबाच्या बाजूचं हाड विरतं, मागे नवं भरत येतं, आणि हे साठीतही घडतं, फक्त जरा सावकाश. खरी अट हिरड्यांची. पायोरिया असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा, हाड किती उरलंय ते एक्स-रेत पाहायचं, मगच साचे. म्हणूनच डॉक्टरांनी तोंडात न बघता घरपोच मागवलेले साचे मला धोक्याचे वाटतात. पुढे सगळी शिस्त: दिवसाचे वीस-बावीस तास साचा तोंडात, चहाआधी काढून डबीत ठेवायचा (कागदी रुमालात गुंडाळलेला हमखास कचऱ्यात जातो), चूळ भरून पुन्हा चढवायचा. उपचार संपल्यावरही रात्री दात जागेवर धरणारा रिटेनर लागतोच, कारण दात जुन्या जागी परतायला बघतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत, पैसे घेण्याआधी सांगायला हवं.