सोयीचा रविवार

परप्रांतात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची बहुधा एक लहानशी मंडळी असते. एखाद्या मोठ्या देवालयातील सकाळची किंवा सायंकाळची एक वेळ तिच्या वाट्याला येते आणि तेवढ्या वेळात ती आपली उपासना आपल्या भाषेत करते. आमच्या अशाच मंडळीपुढे सध्या एक सूचना आली आहे. वर्षातील विशेष उपासना फार झाल्या. राखेचा बुधवार, पवित्र गुरुवार, स्वर्गारोहणाचा गुरुवार हे दिवस आडवारी येतात. कचेऱ्या, शाळा व अंतरे यांमुळे उपस्थिती नगण्य असते. सबब या उपासना लगतच्या रविवारी उरकाव्यात आणि नाताळ, उत्तम शुक्रवार व ईस्टर यांच्या उपासना सर्वांनी मिळून इंग्रजीत कराव्यात. महिन्यातून एक रविवार मराठीला राहीलच, असे आश्वासनही सोबत आहे.

सूचना करणारे आमचेच बांधव आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस संशय नाही. परंतु या सूचनेने उपासनेचे वर्षच मोडते असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम दिवसांचा विचार करू. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष ही सणांची सुटी यादी नव्हे. त्याला क्रम आहे. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी वाट पाहावयाची, नाताळात जन्माचा आनंद करावयाचा, ६ जानेवारीस प्रकटीकरण स्मरावयाचे. पुढे राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो आणि झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार व उत्तम शुक्रवार या पायऱ्यांनी तो ईस्टरपर्यंत पोचतो. तेथून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. जेथे कपाळी राख लावण्याची प्रथा आहे तेथे ती राखदेखील आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळूनच केलेली असते. ज्या हातांनी जयजयकार करीत झावळी उंचावली, त्याच झावळीची राख पुढील वर्षी आपल्या कपाळी यावी, यात मनुष्यस्वभावावर केवढे कठोर भाष्य आहे! ते कळावयास दोन्ही दिवस आपापल्या जागी असावे लागतात.

राखेचा बुधवार रविवारी आणू पाहणाऱ्यांनी एक साधी गणना ध्यानात घ्यावी. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस होतात, तरी उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात; कारण मधले सहा रविवार त्यात धरीत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी उपवास नाही. म्हणजे ज्या वाराला उपवासाच्या हिशेबातून बुद्ध्याच वगळले, त्याच वारी उपवासाचा प्रारंभ करावा असे हे बांधव सुचवीत आहेत! सोय पाहताना अर्थ निसटतो तो असा.

स्वर्गारोहणाचा सण रोमन कॅथलिक मंडळीने अनेक देशांत रविवारी नेला आहे, हे उदाहरण आमच्यापुढे ठेवले जाते. ते खरे आहे. त्या एका दिवसापुरता आमचा आग्रह आम्ही सोडूही. परंतु त्याच मंडळीने राखेचा बुधवार, पवित्र गुरुवार आणि उत्तम शुक्रवार हलविलेले नाहीत, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत.

उपस्थितीचे कारण तर आम्हांस मुळीच पटत नाही. उत्तम शुक्रवार केंद्र सरकारच्या सक्तीच्या सुट्ट्यांत आहे; त्या दिवशी बाके रिकामी राहिली तर त्याचा दोष कचेरीला देता येणार नाही. राखेच्या बुधवारास सुट्टी नाही हे मान्य; पण सकाळी सातची किंवा सायंकाळी सातची उपासना कोणत्या कचेरीच्या आड येते? आणि सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी, उपासना संपल्यावर अर्पण केलेल्या भोपळ्यांचा, नारळांचा व कोंबड्यांचा लिलाव चालू असता जी मंडळी दोन दोन तास आनंदाने उभी राहते, तिला वेळ नाही असे कसे म्हणावे? वेळ आहे, फक्त तो दुःखाच्या उपासनेसाठी नाही. गेथशेमाने बागेतही निवडक तिघांना घटकाभर जागे राहवले नाही. त्या रात्रीची उपस्थिती समाधानकारक नव्हती, म्हणून ती प्रार्थना पुढे ढकलली गेली नाही. दोघे-तिघे जमतील तेथे मी आहे असे ज्याने सांगितले, त्याच्या उपासनेला गणपूर्तीचा नियम लावण्याचा अधिकार कोणत्याही समितीस नाही.

आता भाषेविषयी. इंग्रजीशी आमचे वैर नाही. आमचे पोट तिच्यावर चालते. इंग्रजीत आम्ही टिपणी लिहितो, अर्ज करतो, बढतीची वाट पाहतो. पश्चात्ताप मात्र आम्हांला मराठीतच करता येतो. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांवर मनन होते, तेव्हा ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दाचे ओझे जाणवावे लागते. 'वल्हांडण' म्हणताच मराठी कानाला ओलांडून जाणे ऐकू येते. 'उपकारस्तुती' म्हणताच उपकार आठवतात. महिन्यातून एक साधा रविवार मराठीला देऊन वर्षातील हे सर्वांत खोल दिवस तिच्यापासून काढून घेणे म्हणजे आईला ओसरीवर बसवून देवघर दुसऱ्याच्या हाती देणे होय.

ही भाषा उपासनेत फुकट आलेली नाही. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. पण ख्रिस्ताची कथा येथील लोकांना सांगावयाची म्हणून त्यांनी ओवीचा आश्रय केला, आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची आणि भजनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांची पदे आजही मराठी देवालयांत गाइली जातात. शतकानुशतके लॅटिनला धरून राहिलेल्या रोमन मंडळीनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. एका इंग्रजाने चारशे वर्षांपूर्वी आमच्यासाठी इंग्रजी बाजूस ठेवली, आणि आज आम्ही मराठी माणसे आपखुशीने मराठी बाजूस ठेवावी, हा न्याय आमच्या बुद्धीस उमगत नाही.

मुलांना मराठी समजत नाही, असा शेवटचा युक्तिवाद असतो. मग ती त्यांनी शिकावी कोठे? शाळेत ती नाही, रस्त्यावर ती नाही. घर आणि देवालय ही दोनच ठिकाणे उरली आहेत. त्यांतले एक आपण स्वतःच बंद करू निघालो आहोत. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत चालताना जे मूल पद म्हणते ते त्याला व्याकरणावाचून पाठ होते. वर्षातून पाचसात अशी पदे आली तरी भाषा जिवंत राहते.

या मासिकाच्या इतर वाचकांसही चार शब्द सांगणे आहे. हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीचा घरगुती नाही. ईस्टर म्हणजे चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार. पंचांग पाहणाऱ्या घराला ही रीत परकी वाटू नये. २०१९ साली उत्तम शुक्रवार आणि हनुमानजयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आली होती. तरीही उत्तम शुक्रवारच्या 'शुभेच्छा' देणारे सुशिक्षित मराठी स्नेही आम्हांस दरवर्षी भेटतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोध करणारे निघाले. मराठी ही आपल्याच देवघराची भाषा आहे असे त्यांना वाटत असावे. इकडे आमचे बांधव मराठी सोडू म्हणतात, तिकडे ती तुमची नव्हेच असे सांगणारे आहेत. दोघे मिळून एकच काम करीत आहेत.

आमची मागणी मोठी नाही. राखेचा बुधवार बुधवारी व्हावा, पवित्र गुरुवार गुरुवारी व्हावा. उत्तम शुक्रवारची आणि ईस्टरची निदान एक उपासना मराठीत व्हावी. इंग्रजी उपासना वेगळी करावी, तिलाही आम्ही जाऊ. परप्रांतीय महाराष्ट्र मंडळांनी आपल्या वार्षिक दिनदर्शिकेत हे दिवस त्यांच्या मराठी नावांनी छापावेत. समितीने सूचना मंजूर केली तरी येत्या राखेच्या बुधवारी, सकाळी सात वाजता, आम्ही देवालयात असू. उपासक किती जमले याची नोंद ज्याला ठेवावयाची असेल त्याने ती खुशाल ठेवावी.