करारातलं बारीक अक्षर

शीळफाटा म्हटलं की ठाणे-कल्याणकरांना आधी आठवतो तो ट्रॅफिक. मुंब्र्याकडून येणारे कंटेनर, महापेहून सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, डोंबिवलीकडे वळणाऱ्या मोटारी आणि पनवेलचे ट्रक इथे एकमेकांच्या अंगावर येतात. याच फाट्याजवळ डोंगराच्या पोटातून बुलेट ट्रेनचा बोगदा बाहेर पडतो. वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथवर २१ किलोमीटर, त्यातले ७ ठाणे खाडीच्या तळाखालून. २० सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्या उपस्थितीत घणसोली ते शीळफाटा हा जवळपास ५ किलोमीटरचा टप्पा आरपार झाला. या प्रकल्पाचा पैसा मुख्यतः जपानचा. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा परिषदांमधला गुळगुळीत शब्द ठाणे जिल्ह्यात नेमका कसा दिसतो, हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

या पैशाबद्दल ठाम मतं तीन आहेत. तिन्ही अर्धवट आहेत.

पहिलं मत भक्तिभावाचं: जपाननं जवळजवळ फुकट पैसा दिला, आणखी काय हवं? आकडे मोहात पाडणारे आहेत खरे. २०१७ मध्ये पायाभरणीच्या वेळी प्रकल्पाचा खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये धरला होता. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग कर्जाचा, व्याज ०.१ टक्का, फेडीची मुदत ५० वर्षं आणि पहिली १५ वर्षं हप्ताच नाही. पण फेड येनमध्ये करायची आहे. पन्नास वर्षांत येन रुपयापुढे वधारला, तर तो फरक व्याजाच्या रकान्यात दिसत नाही, तो मुद्दलात शिरतो. कर्जाबाहेरचा वाटा पाहिला तर महाराष्ट्र आणि गुजरात यांनी प्रत्येकी ५ हजार कोटी द्यायचे. ५०८ किलोमीटरच्या मार्गातले १५६ महाराष्ट्रात, ३४८ गुजरातेत आणि बारा स्थानकांपैकी चार आपली. पंगतीत वर्गणी समान आणि वाढप असं, यावर राज्यात कुरकुर झाली ती उगाच नाही.

आणि कर्जाच्या ताळेबंदात न येणारीही एक किंमत असते. मार्गासाठी आधी ५३ हजारांहून अधिक खारफुटीची झाडं जाणार होती. आराखडा बदलल्यावर तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तेवढ्या तोडीला परवानगी दिली. ज्या ठाणे खाडीखालून बोगदा जातो, तिला त्याच वर्षी रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आगरी-कोळी वस्त्यांना खारफुटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चिंबोऱ्या आणि कोळंबी तिच्या मुळांतच वाढतात.

दुसरं मत याच्या बरोबर उलट: परकी कर्ज म्हणजे पारतंत्र्य, आपल्याला बुलेट ट्रेन नको, लोकलमध्ये उभं राहायला जागा द्या. या मतामागचा संताप खरा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक होतं आहे ते म्हातार्डीला, तिथून फार लांब नाही. कुणाच्याही डोक्यात तिडीक जावी अशीच ही शेजारशेजारची दृश्यं.

पण निष्कर्ष चुकतो तो इथे. लोकलसाठी लागलेला पैसाही काही आकाशातून पडला नाही. कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातली, आणि त्या टप्प्याला २००२ मध्ये जागतिक बँकेनं ५० कोटी डॉलरहून जास्त दिले. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग तिसऱ्या टप्प्यात आहे, आणि त्या टप्प्याला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं कर्ज आहे. हा मार्ग झाला तर कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला जाणाऱ्याला ठाणे स्थानकात उतरून पुलावर रेटारेटी करावी लागणार नाही. तो रखडला तो कळव्यातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापायी. परक्या सावकारानं अडवला म्हणून नव्हे. बुलेट ट्रेनच्या बोगद्याचं कंत्राटही अ‍ॅफकॉन्स या भारतीय कंपनीकडे आहे. तेव्हा पैसा कुठल्या देशाचा, हा प्रश्न वाटतो तितका निर्णायक नाही. तो कशासाठी घ्यायचा हे दिल्ली-मुंबईत ठरतं, आणि लोकलऐवजी बुलेट ट्रेन आधी आली असेल तर जाब तिथेच विचारायला हवा.

तिसरं मत सगळ्यांत सभ्य वेशात येतं, म्हणून सगळ्यांत घातक. अधिकारी, कंत्राटदार आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख लिहिणारेही ते मांडतात: पैसा घ्या, पण सोबत येणाऱ्या पर्यावरणाच्या, पुनर्वसनाच्या अटी म्हणजे विकासाला घातलेली खीळ. अटी नसत्या तर कामं झपाट्यानं झाली असती.

या मताचं उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे, आणि ते थोडं सविस्तर सांगायला हवं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं येणार होती. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्यांतलं अगदी पुढचं. गावकरी हटले नाहीत. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिनं १९९२ च्या अहवालात पुनर्वसनाचे वाभाडे काढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं. धरण थांबलं नाही. पण त्याच वर्षी बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशानं नुकसान झालेल्या कुणाही दोघांनी मिळून, कुठल्याही भाषेत, थेट तक्रार करावी अशी ती सोय. आज जगभरातल्या विकास बँकांत अशी तक्रारीची यंत्रणा असते, आणि तिच्या उगमाशी सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा आहेत.

पुढे हे हत्यार मुंबईतच चाललं. त्याच मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी कुर्ल्यातली दुकानं हटवायची होती. मोठं दुकान असो की टपरी, बदल्यात सरसकट २२५ चौरस फुटांचा गाळा. ज्याचा वर्कशॉप त्याच्या तिप्पट जागेत होता, त्यानं लेथ कुठे लावायचा? महापालिका, प्राधिकरण, मंत्रालय असे उंबरठे झिजवून झाल्यावर दुकानदारांनी २००४ मध्ये तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळानं चौकशी केली. बाधितांची मोजणी आणि नोंदी सदोष असल्याचं दिसलं. १ मार्च २००६ रोजी बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचा हप्ता थांबवला, आणि कारभार सुधारण्याच्या हालचाली झाल्यावर जूनअखेरीस तो पुन्हा सुरू केला.

खीळ म्हणतात ती एवढीच: चार महिने. तो रस्ता खुला झाला २०१४ मध्ये. मधल्या वर्षांचं खापर अटींवर फोडायचं धाडस फक्त मंत्रालयातच होऊ शकतं.

अटींनी सगळं भलं केलं असंही नाही. याच प्रकल्पात हलवलेल्यांसाठी गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध त्या अंधाराशी आणि कोंदट हवेशी आहे, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. कागदावर घर मिळालं, निकष पूर्ण झाला, फाइल बंद. पण या घटनेवरून अटी काढून टाका असं अनुमान निघत नाही. घराच्या खिडकीत ऊन येतं का, हे विचारण्याइतक्या त्या बारीक हव्यात असं निघतं.

शीळफाट्याला या चर्चेचं महत्त्व विशेष आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी इथल्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यानंतरही शीळ, डायघर, दिवा या पट्ट्यात असंख्य कुटुंबं अनधिकृत इमारतींतच राहतात, कारण त्यांना परवडणारं अधिकृत घर कुणी बांधलेलं नाही. अशा कुटुंबाच्या घरावरून रस्ता किंवा रूळ जायचा म्हटला, तर सातबाऱ्यावर नाव नसल्यानं देशी कायद्यापुढे ते सहज अदृश्य होतं. जागतिक बँकेच्या पुनर्वसन धोरणात मात्र मालकीचा कागद नसलेलाही, गणनेच्या तारखेआधी तिथे राहत असेल, तर मोजला जातो. बुलेट ट्रेनला कर्ज देणारी जायका ही जपानी संस्थाही आपले प्रकल्प त्या निकषांपासून फार दूर जाणार नाहीत असं स्वतःच्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्य करते, आणि हरकत नोंदवायची स्वतंत्र पद्धतही देते. बुलेट ट्रेनसाठी जमीन जाणाऱ्या दक्षिण गुजरातच्या शेतकऱ्यांनी याच तत्त्वांकडे बोट दाखवलं, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये जायकाचं पथक त्यांच्या भेटीला आलं होतं. न्यायालयात २०१९ मध्ये ते हरले. पण कर्ज देणारा बांधावर येऊन ऐकतो, ही गोष्टही लहान नव्हती.

स्वस्त कर्जातला व्याजदर हा गौण भाग आहे. अधिक मोलाचा भाग बारीक अक्षरातला: आपल्याच सरकारनं ऐकलं नाही तर तिसऱ्या ठिकाणी दाद मागायची वाट. परिषदांकडे वळायचं तर नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात सामाजिक विकासाची दुसरी जागतिक शिखर परिषद झाली; पहिली १९९५ ला कोपनहेगनला. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव तर १९७० चा, आणि मूठभर देश सोडले तर कुणी तो पाळलेला नाही. टक्केवारी वाढावी ही मागणी रास्तच आहे. पण वाढलेल्या पैशासोबत तक्रारीची वाट आली नाही, तर शीळच्या चाळीत राहणाऱ्याला त्या टक्क्यांचं काय करायचं?

हा निकष जपानला लावायचा तर तो भारतालाही लागतो, कारण भारत आता नुसता घेणारा राहिलेला नाही. बांगलादेशात सुंदरबनाजवळ रामपालला १,३२० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र उभं राहिलं, त्याला भारताच्या एक्झिम बँकेनं १६० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. सुंदरबनही रामसर पाणथळ, तिथेही खारफुटी, तिथेही कोळी. २०१६ मध्ये युनेस्कोनं हे केंद्र दुसरीकडे हलवा असं सुचवलं. २०१७ मध्ये नॉर्वेच्या निवृत्तिवेतन निधीनं या प्रकल्पापायी तो बांधणाऱ्या भेल या भारतीय कंपनीतली गुंतवणूक काढली. भारतात मात्र इथल्या खारफुटीसाठी न्यायालयात धावणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी त्याची दखल घेतली. एक्झिम बँकेचं मुख्यालय मुंबईत, कफ परेडला आहे. कुर्ल्याच्या दुकानदारांना वॉशिंग्टनमध्ये जी खिडकी मिळाली, तशी स्वतंत्र खिडकी पशूर नदीवरच्या कोळ्यासाठी कफ परेडला उघडावी, आणि ती मागणी ज्यांनी ती खिडकी आधी वापरली त्या मुंबई-ठाण्याच्या लोकांनी करावी.