हल्कचा दुसरा डाव

पुरणपोळीची पहिलीच पोळी तव्यावर फाटली तर काय करायचे? बहुतेक जण ती गुपचूप बाजूला सारतात आणि दुसरी लाटायला घेतात. जाणता हात मात्र आधी थांबतो. फाटली कशामुळे? पुरण सैल झाले की कणीक घट्ट राहिली? ते कळले नाही तर दुसरीही फाटणारच!

हॉलिवूडच्या मंडळींवर हाच प्रसंग ओढवला, तो हल्कच्या बाबतीत. हल्क तुम्हाला ठाऊक नसला तरी तुमच्या मुलांना विचारा. ब्रूस बॅनर हा अबोल शास्त्रज्ञ. गॅमा किरणांचा मारा झाल्यापासून त्याला संताप आला, की त्याचा प्रचंड हिरवा राक्षस होतो. राग ओसरला, की पुन्हा फाटक्या कपड्यांतला बिचारा माणूस.

२००३ साली युनिव्हर्सलने त्याच्यावर चित्रपट काढला. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. दिग्दर्शक आंग ली, ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मुळे जगभर नावाजलेले. त्यांनी कष्टांत कसूर केली नाही. राक्षसाच्या हालचाली संगणकावर उतरवण्यासाठी त्यांनी स्वतः अभिनय करून दाखवला! पण त्यांना सांगायची होती बाप-लेकाची व्यथा आणि पोरे आली होती रणगाडे भिरकावलेले पाहायला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत ६ कोटी २० लाख डॉलर जमले; पुढच्या शनिवार-रविवारी गल्ला ७० टक्क्यांच्या आसपास घसरला. ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ म्हणतात, तो हाच.

मग चित्रपट काढायचा हक्क मार्व्हलकडे परत गेला आणि २००८ मध्ये ‘द इन्क्रेडिबल हल्क’ आला. दिग्दर्शक नवा, लुई लेतेरिये. एरिक बानाच्या जागी एडवर्ड नॉर्टन, जेनिफर कॉनेलीच्या जागी लिव्ह टायलर. हल्क कसा जन्मला, हे सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच उरकून टाकले. ब्राझीलमध्ये पाठलाग, शेवटी तोडीस तोड राक्षसाशी झुंज. जुन्या टीव्ही मालिकेत हल्क झालेला लू फेरिग्नोही एका प्रसंगात हजर! थोडक्यात, पहिल्याविषयी जी जी तक्रार होती, ती ती दूर केली.

आणि फळ काय? पहिल्याने जगभरात सुमारे २४ कोटी ५० लाख डॉलर मिळवले होते, दुसऱ्याने सुमारे २६ कोटी ५० लाख. पाच वर्षांनी केलेल्या खटाटोपात फरक दोन कोटींचा!

असे का झाले? मला वाटते, पहिल्या चित्रपटाने माणूस इतका उगाळला, की राक्षसाची गंमत गेली. दुसऱ्याने राक्षसाची हौस पुरवली आणि माणूस नुसता पळत राहिला. नट बदलले, वेग बदलला. दुखणे जागच्या जागी.

ते सापडले २०१२ मध्ये, ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये. तिथे बॅनर झालेला मार्क रफालो आपल्याला प्रथम भेटतो तो चक्क कोलकात्यात, गोरगरिबांवर औषधोपचार करताना. संकोची, दमलेला, थोडा विनोदी. आणि शेवटाकडे कळते, की त्याचा राग कधी गेलेलाच नव्हता. तो कायम आत आहे. हा त्याच्यासह जगायला शिकलाय. माणूस आणि राक्षस एकदाचे एका देहात नांदले आणि थिएटरे दणाणली. मात्र त्याच्या एकट्याच्या नावाचा चित्रपट पुढच्या दहा वर्षांतही निघाला नाही.

गंमत म्हणजे हल्कचा जन्मच दुसऱ्या डावाचा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये त्याला चित्रकथेत आणले, तेव्हा तो राखाडी होता. छपाईत तो रंग नीट उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. सहा अंकांनंतर त्याची पुस्तिका बंदही पडली! पण चांगल्या माणसाला वाटणारी स्वतःच्याच रागाची भीती खरी होती, म्हणून तो परत आला.

आंग ली यांचेही तसेच. तेही पुढे उभे राहिले. आपल्या पुदुच्चेरीत ज्याचे काही चित्रण झाले, त्या ‘लाइफ ऑफ पाय’साठी २०१३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले.

आपल्या घरी मूल नापास झाले, की आपण क्लास बदलतो, शाळा बदलतो, दप्तरसुद्धा नवे आणतो. सगळा रीबूटच तो! पण त्याला जवळ बसवून ‘बाळा, तुझे अडले कुठे?’ एवढे विचारतो का? पोळी तिथेच फाटते, मंडळी.