शेंदूर, रविवर्मा आणि हेन्री मूर

२०२५च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राचा लिलाव झाला आणि बोली गेली सुमारे ११८ कोटी रुपयांवर. तो आठवडाभर सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. एका निवृत्त मामलेदारांनी वर्तमानपत्रातलं छायाचित्र चष्म्याजवळ धरलं, लांब धरलं, एकदा उलटं करूनही पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग सांगा, यात आहे काय?"

मला चटकन सांगता आलं नाही. माझी उभी हयात बँकेत तारणाचं मोल ठरवण्यात गेली. सोनं असलं की सराफ येई, कसोटीवर घासून पाही. शेत असलं की सात-बारा. चित्र तारण घेण्याचा प्रसंग मात्र कधी आला नाही. तरीही घरी आल्यावर या चित्राची हकिगत वाचली. ते १९५४चं. त्याच वर्षी ते नॉर्वेहून दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी विकत घेतलं, आणि पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेलं होतं. रोगी येत होते, परिचारिका जात होत्या. एवढ्या वर्षांत त्या चित्रातला एकही फराटा बदलला नाही. बदलली ती फक्त किंमत. तेव्हा किंमत हा पुरावा मी फायलीतून काढूनच टाकला. एवढ्याला गेलं म्हणून ते थोर ठरत नाही, तशी ती लबाडीही ठरत नाही.

मग मामलेदारांची तक्रार उरते काय? 'ग्रामयात्रा'त बैलगाडी आहे, कामात गढलेल्या बाया आहेत. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाने काढलेलं खेडं आहे ते. आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. तक्रार अशी, की त्यातली माणसं माणसांसारखी नाहीत. आता हुसेन यांनी उमेदवारीत मुंबईत सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवले होते. हुबेहूब चेहरा काढता येत नव्हता असं म्हणायची सोय नाही. येत होता, आणि त्यांनी तो मुद्दाम सोडला. मुद्दाम का सोडला, हा खरा प्रश्न, आणि तो विचारायला आपण कचरतो.

या प्रश्नासाठी न्यूयॉर्कला जायला नको. सातारा जिल्ह्यात औंधला जावं. संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांमुळे ते ठाऊक असतात, चित्रांमुळे कमी. त्यांचं संस्थान विखुरलेलं. आटपाडी, कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात येतात. एवढ्याशा त्या संस्थानाच्या धन्याने १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि त्याच छपराखाली हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. आम्ही मंडळी कासची फुलं बघायला मुलाबाळांसह गाड्या भरभरून जातो. औंधला यायचं तर यमाईसाठी येतो, आणि संग्रहालय वाटेत राहून जातं.

तिथे गेलेला माणूस रविवर्म्यापुढे रेंगाळतो आणि मूरपुढून सरकतो. पहिलं आपलं, दुसरं साहेबाचं, असा आपला हिशेब. थोडं मागे जाऊन बघा. कॅनव्हासवर तैलरंगात हुबेहूब माणूस रंगवणं ही रीत आली साहेबाबरोबर. रविवर्म्याने ती आत्मसात केली, १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या. देव माणसासारखा दिसला पाहिजे ही आपली सवय म्हणजे जेमतेम सव्वाशे वर्षांची. त्याआधी, आणि त्यानंतरही, जत-कवठेमहांकाळच्या माळावर आपण कोणापुढे हात जोडत आलो? शेंदूर फासलेल्या दगडापुढे. त्याला नाक नाही, डोळे असले तर चिकटवलेले. देवीच्या तांदळ्याला तर तेही नसतात. "हा कशासारखा दिसतो?" असं माझ्या आजीने म्हसोबाला कधी विचारलं नाही. आणि मूरसाहेब? तो तरुणपणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिकोच्या जुन्या दगडी मूर्ती बघत उभा राहायचा आणि तिथून शिकला. म्हणजे साहेब दगडाकडे गेला आणि आम्ही साहेबाच्या तसबिरीकडे आलो!

याचा अर्थ नवं म्हणून जे समोर ठेवतील त्याला मान डोलवायची, असा नव्हे. मी पाहिलेल्या प्रदर्शनांतलं निम्मंअधिक मला बेगडी वाटलं, आणि त्यांच्या माहितीपत्रकांतलं मराठी तर आमच्या कर्जाच्या करारनाम्याहून अवघड. पण बेगड हुडकायलाही आधी बघावं लागतं. चौकात पुतळा कोणता बसवायचा, उद्यानात काय उभं करायचं, हे तुम्ही-आम्ही निवडून दिलेली माणसंच ठरवतात. फायबरचे चकचकीत हत्ती-हरणं उभी राहतात, कारण "कशासारखं दिसतं" एवढीच कसोटी आपण त्यांच्या हाती दिली आहे.

१९९०च्या दशकात मी सातारा जिल्ह्यात शाखाधिकारी होतो. एका मंगळवारी औंधला वसुलीचं काम लवकर आटोपलं म्हणून संग्रहालयात शिरलो. मूरपुढे उभा राहून मी पाटी वाचत होतो. तेवढ्यात डोंगर चढून दमलेली एक म्हातारी सावलीला आत आली. डोक्यावर पदर, हातात ओटीची पिशवी. ती माझ्याशेजारी थांबली. पाटी तिला वाचता येत नव्हती. तिने दगडाकडे बराच वेळ पाहिलं.

"ल्योक घट धरलाय तिनं," ती म्हणाली.

मी पाटी सोडून शिल्पाकडे पाहिलं. खरंच, घट्ट धरला होता. मी गमतीने विचारलं, "आजी, मग हात नाही जोडलेत?"

"द्येव न्हाई त्यो," ती म्हणाली. "बाई हाय." आणि पिशवी सावरत यमाईची वाट चढू लागली.