नफा कमावण्याची रीत

कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू झाले १ एप्रिल २०१४ रोजी. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. या सीएसआर निधीतून शाळाखोल्या, स्वच्छतागृहे, फिरते दवाखाने उभे राहिले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०२१च्या दुरुस्त्यांनी न वापरलेल्या पैशालाही शिस्त लावली.

मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम या खर्चात धरता येत नाही. पळवाटा रोखण्यासाठी ते योग्यच आहे. त्यातून एक समज मात्र घट्ट झाला, की समाजासाठी करायचे ते नफा हाती आल्यानंतर. आम्हाला हे मान्य नाही. नफा कोणत्या रीतीने कमावला, यावर कंपनीचे सामाजिक योगदान अधिक अवलंबून असते.

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी तेव्हा कायद्यानेच बारा तासांची मुभा होती. भविष्यनिर्वाह निधी तेथे १९२० मध्ये आला, त्यासाठीचा देशव्यापी कायदा १९५२ मध्ये. बाळंतपणाचा लाभ १९२८ मध्ये मिळू लागला. त्याच्या केंद्रीय कायद्याला १९६१ उजाडले. याच जमशेदपुरात १९२० आणि १९२८ मध्ये मोठे संपही झाले, हेही विसरता कामा नये. मालकांच्या दूरदृष्टीइतकाच कामगारांचा रेटाही या इतिहासात आहे.

नफा कोणत्या रीतीने कमावला, हा प्रश्न आज सर्वांत ठळक दिसतो तो उसाच्या फडात. हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडतात आणि सहा महिने कोपीत काढतात. पोरांची शाळा सुटते. एक दिवस काम बुडाले तर खाडा कापला जातो, म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात. काहींनी गर्भाशयही काढून टाकले. त्या साखरेवर शीतपेये, बिस्किटे, मिठाई बनवणाऱ्या बड्या कंपन्या चालतात. यांपैकी एखादीने याच भागात सीएसआरमधून आरोग्य शिबिर घेतले, तर औषधे मिळतील. खाडा कायमच राहील. तोडणीच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, शौचालय, मुलांसाठी हंगामी वसतिगृह आणि आजारपणात खाडा नाही, या अटी साखर खरेदीच्या करारातच घातल्या, आणि त्यांचा वाढीव खर्च दरात सोसला, तर फरक पडेल. कारखान्यावर नुसत्या अटी लादून दर जुनाच ठेवला, तर भार पुन्हा मजुरावरच येईल.

हेच लघुउद्योजकांच्या बिलांबाबत. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ते अडकले की एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचा पगार थकतो.

म्हणून सीएसआर समितीच्या बैठकीला खरेदी विभागाचा प्रमुखही बसायला हवा. कोणाचे बिल किती दिवस थकले, कंत्राटदार किमान वेतन देतो का, कच्चा माल कोणाच्या कष्टातून येतो, याची उत्तरे त्याच्याकडेच असतात.