नवापूरचा धडा आणि खुराड्याची शिस्त

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे नाव १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशभर गाजले. भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथे झाल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूवर शिक्कामोर्तब करेपर्यंत तेथे हजारो पक्षी दगावले होते आणि ही मरतूक नेहमीच्या राणीखेत रोगाची असल्याचे सांगितले जात होते. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला आणि लाखो कोंबड्या नष्ट करण्याची वेळ आली. एकाच गावावर दोनदा आलेली ही आपत्ती केवळ दैवाच्या माथी मारता येणार नाही.

निदानातील गफलत मात्र समजण्यासारखी आहे. चोच उघडी ठेवून श्वास घेणे, घशातून घरघर, शिंका, डोळ्यांना पाणी ही लक्षणे कोंबडीच्या अनेक आजारांत सारखीच दिसतात. मायकोप्लाझ्मा जंतूंमुळे होणारा जुनाट श्वसनविकार, संसर्गजन्य ब्राँकायटिस, तोंडावर सूज आणणारा कोरायझा, मान वाकडी करणारा राणीखेत आणि तुरा काळानिळा पाडणारा बर्ड फ्लू यांतील फरक केवळ नजरेने ठरवणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड जाते. प्रयोगशाळेचा अहवाल हाच खरा निवाडा. तोवर अनेक ठिकाणी पाण्यात प्रतिजैविक मिसळले जाते. मायकोप्लाझ्मावर ते काही अंशी उपयोगी पडते. विषाणूंवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. अशा बेबंद वापरातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. माणसाच्या उपचारातील अखेरचे अस्त्र समजल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा प्राण्यांमधील वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच धास्तीने.

खरा बचाव शेडमध्येच आहे. ओल्या तुसातून आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया कोंबडीच्या श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना निकामी करतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. डोळे चुरचुरतील इतका वास शेडमध्ये येत असेल, तर नुकसान आधीच सुरू झालेले असते. निर्जंतुकीकरणातही क्रम महत्त्वाचा आहे. जुनी गादी पूर्ण उचलणे, खरवडणे, साबणाच्या पाण्याने धुणे, वाळवणे आणि मगच जंतुनाशक फवारणे. विष्ठेच्या थरावर ओतलेला क्लोरीन त्या घाणीतच वाया जातो. फॉर्मेलिनची धुरी जाळीच्या उघड्या शेडमध्ये टिकत नाही, माणसाला मात्र अपाय करते. चुन्याची सफेदी, दारातील जंतुनाशकाचे कुंड, शेडसाठी वेगळी पादत्राणे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये साधारण दोन आठवड्यांची विश्रांती हे उपाय स्वस्त आहेत. राणीखेतविरुद्धची लसही स्वस्त आहे. पण ती बर्फातून न नेल्यास निष्प्रभ ठरते.

मग हे घडत का नाही? रिकामी शेड म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी बुडालेले उत्पन्न. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते. शेड, वीज, मजुरी आणि कर्जाचा हप्ता त्याचा. पुढची तुकडी केव्हा येणार हे त्याच्या हाती नसते. साफसफाईचा एकेक दिवस अशा हिशेबात कापला जातो.

भरपाईचा नियमही या हिशेबात मोलाचा ठरतो. सरकार भरपाई देते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधी रोगाने मेलेल्यांची नव्हे. २०२१ मध्ये राज्यात अंड्यांच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, तर मांसल कोंबडीला ७० रुपये दर ठरला होता. लवकर कळवणाऱ्याचे नुकसान कमी व्हावे, हा यामागचा हेतू योग्यच आहे. प्रत्यक्षात कळवताच आपलीच नव्हे, तर सभोवतालच्या शेजाऱ्यांचीही खुराडी रिकामी होणार, ही भीती वरचढ ठरते. ‘राणीखेतच असेल’ या आशेवर दोन-चार दिवस जातात आणि तेवढ्यात पिंजरे, अंड्यांचे ट्रे व वाहनांच्या चाकांवरून विषाणू पुढच्या गावी पोहोचतो.

शहरी ग्राहकाचाही यात वाटा आहे. ७० अंश तापमानाला पूर्ण शिजलेल्या मांसात हा विषाणू तग धरत नाही. तरीही अफवा पसरताच मागणी कोसळते. फेब्रुवारी २०२० मध्ये तर कोंबडीशी संबंध नसलेल्या करोनाच्या अफवेनेही तेच केले. घबराट जितकी मोठी, तितका रोग लपवण्याचा मोह मोठा. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील ८५ कोटी कोंबड्यांपैकी सुमारे ३२ कोटी परसात वाढतात; तिथवर ना कंपनीचा डॉक्टर पोहोचतो, ना जंतुनाशकाची फवारणी. जवळच्या ठिकाणी झटपट तपासणी, वेळेत हाती पडणारी भरपाई आणि करारातच लिहिलेला विश्रांतीचा काळ या तीन गोष्टी साधल्या, तर पुढच्या वेळी घरघर ऐकू येताच शेतकरी दवाखान्याकडे धावेल. अन्यथा नवापूरचा तिसरा अध्यायही ‘राणीखेतच असेल’ या वाक्यानेच सुरू होईल.